नोंदणी क्रमांक खरा होता

गोदावरीकाठच्या त्या दवाखान्यात मी दोनदा गेले. दोन्ही वेळा सकाळी, थंडीत, आणि दोन्ही वेळा उपाशीपोटी. नाडी अनशापोटी दाखवायची असा तिथला नियम होता. सोबत आलेल्यांनीही तो पाळायचा, हे कोणी न सांगता ठरून गेलं होतं.

नदीवरचं धुकं दारापर्यंत यायचं आणि उंबऱ्यापाशी थांबायचं. आत सुंठीचा, ओव्याचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास. बाकावरची माणसं बसल्या जागी डुलत होती. भुकेने डोकं हलकं झालं की आवाज लांबून येतात. आतल्या खोलीतल्या खलबत्त्याचे ठोके मला पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते.

माझा थोरला भाऊ लासलगावहून आला होता. तो कांद्याचा व्यापारी. कित्येक वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. सुईला तो विटला होता. पहिल्या भेटीत गादीवरच्या चाळिशीतल्या वैद्यांनी त्याचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि ते म्हणाले, "सोमवारपासून सुई बंद. आपला काढा सुरू."

बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, "तू पेपरवाली. बघून सांग, माणूस खरा हाय का. तू हो म्हणलीस तर सुई बंद."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं हेच माझं काम. भिंतीवर काचेच्या चौकटीत नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. त्यातला क्रमांक आणि साल मी आधीच वहीत टिपून घेतलं होतं. घरी येऊन राज्याच्या नोंदणी यादीत शोधलं. क्रमांक खरा. आडनाव दारावरच्या पाटीवरचंच. नोंदणी चालू. मी भावाला फोन केला आणि सांगितलं, "खरा आहे."

"सुटलो बघ," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ऑफिसात एक निधनवार्ता वाचत होते. गेलेल्या गृहस्थांचं वय आणि जन्मसाल जुळत नव्हतं. कागदाच्या कडेला वजाबाकी केली आणि पेन तसंच हातात राहिलं. पर्समधली वही काढली. प्रमाणपत्रावरच्या सालाची वजाबाकी केली. त्या साली गादीवरचा माणूस जन्मलाही नसावा.

मी क्रमांक तपासला होता. माणूस तपासला नव्हता. नव्या बातमीदाराने असं केलं असतं तर मी त्याची बातमी परत पाठवली असती.

पुन्हा फोन केला. भावाने साल पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "उद्या येतो. ट्रॉली उलटून बघू." लासलगावात ट्रॉलीतला वरचा कांदा सगळ्यांचाच चांगला दिसतो. ट्रॉली रिकामी करताना खालचा माल दिसतो, आणि मग बोलणी पुन्हा होतात.

रविवारी धुकं जास्त होतं. तोच बाक, तेच ठोके. भावाने गादीसमोर बसून मनगट पुढे केलं नाही. चौकटीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हे कोण?"

"वडील," वैद्य म्हणाले. "मी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे."

"आणि तुमचा कागद?"

"शिकलो ते त्यांच्याकडेच. वेगळा कागद नाही."

"वडील हायेत का?"

"आत आहेत. पण आता बघत नाहीत. काका, त्यांच्या काही लक्षात राहत नाही."

"आमच्या मार्केटात पण लय जणांच्या राहत नाय. आणा त्यांना."

वैद्य उठले. खलबत्ता थांबला. कानटोपी घातलेल्या एका म्हाताऱ्यांना हाताला धरून त्यांनी बाहेर आणलं. म्हातारे दाराकडे, उंबऱ्यावरच्या धुक्याकडे बघत बसले. भावाने हात पुढे केला तसा त्यांचा हात आपोआप मनगटावर आला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ समोर होतं, मी बघितलं नाही.

"साखर आहे. सुई घेता?"

"घेतो. उद्यापासून बंद करायला सांगितलंय."

"कोणी?"

मुलगा गादीच्या खोळीचं टोक सरळ करत राहिला.

"मी चालू सुई कधी बंद करत नाही," म्हातारे म्हणाले. "ज्याने दिली त्याला विचारा."

त्यांनी मनगट सोडलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. थोड्या वेळाने मान वळवून भावाला विचारलं, "कुठून आलात?" आणि त्याचं मनगट पुन्हा हातात घेतलं. तेवढाच वेळ. तोच प्रश्न, सुई घेता का. आणि तेच उत्तर, शब्दाचाही फरक न करता.

आमच्या धंद्यात दोघांकडून दुजोरा घेतात. इथे तो एकाच माणसाने दोनदा दिला, आणि दुसऱ्यांदा देताना पहिला त्यांना आठवत नव्हता.

बाहेर धुकं विरळ झालं होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही बसलो. भावाने पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं, भिंतीकडे तोंड करून सदरा वर केला आणि सुई घेतली.

"अर्ध्या तासानं पोहे सांग," तो म्हणाला. मग सदरा खाली ओढत, "तुझा नंबर खरा निघाला बरं का. गादीवर दुसराच बसला होता, एवढंच."