झूल घातलेली घोडी

त्या घोडीची केस मी विसरू शकलेलो नाही. पोलीस खात्यात आयुष्य काढलं, नागपूर जिल्ह्यातली ठाणी सांभाळली, गुन्हे शाखेत काम केलं. तरी मनाला सगळ्यात जास्त समाधान देणारी केस त्या नोकरीतली नाही. ती निवृत्तीनंतरची, आयर्लंडमधली आहे, आणि तिच्यात संशयित होती माझी सख्खी मुलगी.

२०२० च्या सुरुवातीला मी तिथल्या नावन या गावी मुलीकडे गेलो आणि विमानं बंद झाल्यामुळे तिथेच अडकलो. मुलगी आणि जावई दोघंही संगणकातले, दोघंही घरून काम करायचे. मुलीला कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजीची गोडी लागली होती. नावनला तिने रीतसर परवाना काढून रायफल घेतली आणि तिथल्या नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागली. जवळच एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मेंढ्या होत्या. मेंढ्या व्यायला लागल्या की कोल्हे नवजात कोकरं उचलून नेत. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून त्याने मुलीला मदत मागितली. तिकडे कोल्हा मारायला कायद्याची आडकाठी नाही.

अंधारातल्या कामासाठी तिला थर्मल यंत्र हवं होतं. ते उजेडावर नाही, अंगातल्या उष्णतेवर चित्र दाखवतं. रायफलवरची दुर्बीण काढून तिच्या जागी बसवायचं एक येतं, आणि आहे त्याच दुर्बिणीच्या तोंडावर चढवायचं दुसरं, त्याला क्लिप-ऑन म्हणतात. आम्ही दुसरं निवडलं, कारण दिवसा साधलेला नेम त्याने सहसा हलत नाही. मात्र जोडणारी कडी दुर्बिणीच्या मापाला नेमकी बसली पाहिजे. शिवाय दुर्बिणीची ताकद कमी ठेवावी लागते. ती वाढवली की यंत्राच्या छोट्या पडद्याचे चौकोन दिसू लागतात आणि जनावर कोणतं ते कळत नाही. मुलीने परवान्यावर यंत्राची नोंद करून घेतली, कागदी लक्ष्यावर हात शेकायची गरम पुडी चिकटवून नेम तपासला, मगच ते शेतात नेलं. हत्याराच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक आहे.

पुढच्या हिवाळ्यात, ऐन कोकरांच्या दिवसांत, एका सकाळी म्हाताऱ्याच्या शेजारच्या कुरणात एक गाभण घोडी मेलेली सापडली. गोळी आरपार गेली होती, ती मिळालीच नाही. घोड्यांचा मालक रागाने वेडा झाला होता. दुपारी गार्डा, म्हणजे तिकडचे पोलीस, आमच्या दारात आले. एक सार्जंट बाई होत्या, सोबत एक शिपाई. क्लबातल्या एका सभासदाने जबाब दिला होता की आदल्या संध्याकाळी त्या कुरणात रायफल घेतलेली एक बुटकी बाई त्याने पाहिली. त्या भागात रायफल बाळगणारी बुटकी बाई एकच होती. रायफल आणि यंत्र जप्त झालं, परवाना स्थगित झाला. मुलीचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी पडला होता. गुन्हा दाखल झाला असता तर सगळंच अवघड होतं.

गार्डा गेल्यावर मी मुलीला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं आणि जावयांना बाहेर थांबायची विनंती केली.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मुलीला विचारताय की आरोपीला?"

"आधी आरोपीला. काल किती वाजता निघालीस?"

"अंधार पडल्यावर. म्हाताऱ्याच्या वरच्या शेतात बसले होते. मग पाऊस आला."

"मग?"

"पावसात थर्मलमध्ये सगळं राखाडी दिसतं. कुंपणाशी काहीतरी हललं, पण कोल्हा की कोकरू ते कळेना. मी रायफल रिकामी केली आणि घरी आले."

"गोळी झाडलीस?"

"नाही."

"घोडीच्या कुरणात गेलीस?"

"नाही, बाबा. वाट त्याच्या कडेने जाते. मी वाट सोडली नाही."

तेच प्रश्न मी उलटसुलट क्रमाने पुन्हा विचारले. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी जास्त नीटनेटकं सांगतो. तिने दुसऱ्या वेळी हातमोजा कुठे पडला ते आठवून सांगितलं आणि मधेच चिडली. माझी खात्री पटली. पण बापाची खात्री हा पुरावा नव्हे. परतताना तिने म्हाताऱ्याला दारातून हाक मारली होती, पण तेवढ्याने भागत नव्हतं, कारण घोडीचं कुरण तिच्या परतीच्या वाटेवरच होतं.

खबर त्या म्हाताऱ्यानेच आणली. अंतर राखायचा नियम पाळून तो आमच्या फाटकाबाहेर उभा राहिला, टोपी हातात. शेतीच्या दुकानाबाहेर रांगेत क्लबातला तो साक्षीदार सगळ्यांना हकिगत सांगत होता.

"युअर मॅन मोठ्या तोऱ्यात सांगत होता," म्हातारा म्हणाला. तिकडे 'तो गडी' म्हणायचं तर असं म्हणतात. "म्हणे, बाहेर धो धो पाऊस, आपण जीपमध्ये काचा वर करून मजेत बसलो होतो. थर्मल डोळ्याला लावलं आणि तुमची मुलगी स्पष्ट दिसली."

"काचा वर करून? नक्की असंच म्हणाला?"

"दोनदा म्हणाला. शिवाय मला आधीच कोणीतरी सांगितलं होतं की त्याची जीप कुरणाच्या फाटकाशी उभी असलेली लोकांनी पाहिली होती. म्हणूनच बोलावं लागतंय त्याला, असं मला वाटतं."

मला आमच्या घरातला एक प्रसंग आठवला. यंत्र घरी आलं त्या दिवशी मी ते हातात धरून खिडकीतून बागेतलं मांजर बघायला गेलो. मांजर दिसेना, नुसता राखाडी पडदा आणि त्यात माझाच अंधुक आकार. यंत्र बिघडलंय असं मी म्हणालो, तेव्हा मुलगी हसत सुटली होती. "बाबा, काच उष्णता अडवते. दार उघडून बघा." आणि दार उघडल्यावर मांजर लख्ख दिसलं होतं.

मी लगेच गार्डा ठाण्यात गेलो. तिथे माझा हुद्दा काहीच नव्हता. मी होतो संशयिताचा म्हातारा बाप, तोंडाला मास्क लावलेला. म्हणून युक्तिवाद केला नाही. सार्जंट बाईंना एवढंच म्हणालो, "जप्त केलेलं यंत्र आणवा आणि या बंद खिडकीतून तुम्हीच बाहेर बघा. मग मला काय ते विचारा."

 त्या यंत्र आणवून खिडकीशी गेल्या. बाहेर त्यांचाच शिपाई गाडी पुसत होता. त्यांनी यंत्र खाली घेतलं, काच पाहिली, पुन्हा डोळ्याला लावलं. मग खिडकी उघडली आणि तिसऱ्यांदा पाहिलं.

"त्याच्या जबाबात काचांचा उल्लेख आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "मी विचारलंही नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं."

"न विचारलेलं सांगतो, तिथेच बघायचं असतं."

"तुम्ही कोणत्या खात्यात होतात म्हणालात?"

"म्हणालो नव्हतो," मी म्हटलं आणि सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साक्षीदाराला त्याच्या जीपसह आणि हातात धरून बघायच्या थर्मल यंत्रासह बोलावलं. साथीच्या नियमांमुळे मला आत बसायला परवानगी नव्हती. मी ठाण्याच्या आवारात छपराखाली उभा होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. उंच, रुबाबदार माणूस. सार्जंट बाई त्याला शांतपणे म्हणाल्या, "त्या संध्याकाळी बसला होतात तसे बसा. काचा वर. मी समोर उभी राहते. मी कोणता हात वर केलाय ते यंत्रातून बघून सांगा."

तो आत बसला. शिपाई जीपच्या दाराशी उभा होता. सार्जंट बाईंनी डावा हात वर केला. त्याने यंत्र डोळ्याला लावलं. मग खिडकीची काच थोडी खाली सरकू लागली.

"काच वरच राहू द्या," त्या म्हणाल्या.

काच वर गेली. त्यानंतर त्याने यंत्र मांडीवर ठेवलं. आरोपीचा खांदा खचतो तो क्षण मी आयुष्यात पुष्कळदा पाहिला आहे. कोणत्याही देशात तो सारखाच दिसतो. बाई जीपपाशी गेल्या, त्याला त्याचे हक्क ऐकवले आणि आत घेऊन गेल्या.

तो काय बोलला ते नंतर घोड्यांच्या मालकाकडून कळलं. गोळी त्यानेच झाडली होती, कोल्हा समजून. त्याच्याही रायफलवर वेगळं क्लिप-ऑन होतं, पण परवान्यावर त्याची नोंद नव्हती. पावसात चित्र फिकं आलं म्हणून त्याने दुर्बिणीची ताकद शेवटपर्यंत वाढवली आणि चित्राचे नुसते चौकोन झाले. घोडीच्या अंगावर पावसात भिजू नये म्हणून घालतात ती जाड झूल होती. झुलीखालची ऊब यंत्राला दिसली नाही. दिसलं ते फक्त गवताशी झुकलेलं डोकं, लहानसा उजळ ठिपका. त्याने त्या ठिपक्यावर चाप ओढला. जवळ जाऊन पाहिलं तर घोडी पडली होती, आणि आळ घालायला वाटेने परतणारी परदेशी बाई त्याला आठवली.

त्याच आठवड्यात सार्जंट बाई स्वतः रायफल आणि यंत्र घेऊन घरी आल्या. मुलीने त्यांच्यासमोरच रायफल उघडून रिकामी असल्याची खात्री केली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. घोड्यांचा मालकही आला. भला माणूस, पण शब्द सापडेनात. शेवटी म्हणाला, "माझ्या कुरणाकडेही कोल्हे येतात. उरलेल्या घोड्यांजवळ कोणाला बंदूक घेऊन उभं करायचं, तर मला तुम्हीच हव्यात." मुलीने त्याला आधी कोणत्या घोड्यांवर रात्री झुली असतात ते विचारलं. त्या हंगामात म्हाताऱ्याचं आणखी एकही कोकरू गेलं नाही. नागरिकत्वाचा अर्जही पुढे सरकला.

आजही जुन्या खात्यातले तरुण अधिकारी फोन करून सल्ला विचारतात. मी त्यांना ही केस सांगतो. साक्षीदार कितीही प्रतिष्ठित असो, तो जिथे बसला होता तिथे आधी स्वतः जाऊन बसा आणि त्याला जे दिसलं म्हणतो ते तुम्हाला दिसतं का बघा. आणि माझ्या मुलीने केलं ते मी त्यांना सगळ्यात शेवटी सांगतो. अंधारात काहीतरी हललं, पण काय ते कळलं नाही, म्हणून तिने रायफल रिकामी केली आणि ती घरी आली. उभ्या नोकरीत यापेक्षा चांगलं पोलिसी काम मी पाहिलेलं नाही.