संशयाचं रीळ

धार्मिक सिनेमात चमत्कार सुरू झाला की मिशनबाई डोळे मिटून घ्यायच्या. त्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. लष्कर नावाच्या आमच्या शहरभागातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. पौराणिक सिनेमा लागला की आम्हा चारपाच जणींना हमखास घेऊन जायच्या. पडद्यावर देव प्रकटले, थिएटरभर हात जोडले गेले, की बाईंचे डोळे बंद. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "देव भेटायच्या आधीचा त्या भक्ताचा चेहरा लक्षात ठेवायचा असतो मला. आपले बहुतेक दिवस तसल्याच चेहऱ्यानं जातात."

आमचं संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, त्यानंतरची ही वर्षं. माझा धाकटा भाऊ विषमज्वरानं गेला आणि मी देवापुढे हात जोडणं सोडलं. आई त्यावरून माझ्याशी धड बोलेना.

त्याच वर्षी हिवाळ्यात चर्चच्या आवारात येशूच्या जीवनावरचा सिनेमा दाखवायचं ठरलं. शेजारपाजारच्या हिंदू घरांनाही बोलावणं होतं. त्यात एक शिष्य म्हणतो, येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही. पाद्रीसाहेबांना ते रीळ गाळायचं होतं. "बाहर के लोग क्या सोचेंगे?" असं त्यांचं म्हणणं. एरवी त्यांच्यापुढे हळू बोलणाऱ्या बाई अडून बसल्या. म्हणाल्या, येशूनं त्याला हाकललं नाही, जखमी हात पुढे केला. तेवढंच गाळलं तर मग दाखवायचं काय, असं त्यांनी विचारलं. रीळ दाखवलं गेलं.

परतताना मी बाईंना सांगून टाकलं, मला आता देव खरा वाटत नाही. वाटलं, त्या त्यांच्या येशूचं सांगतील. त्या म्हणाल्या, "मग हे त्यालाच सांग. घरी, तुमच्या देवघरात बसून. रागाव हवं तर, पण बोलणं सोडू नकोस."

मी तसं केलं. रोज संध्याकाळी देवांशी भांडू लागले. आईनं चार दिवस दारातून ऐकलं. पाचव्या दिवशी शेजारी येऊन बसली.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, वडिलांची कचेरीही. निघायच्या आदल्या दिवशी, ख्रिस्ती घरातलं पाणीही न घेणारी आई माझ्याबरोबर बाईंकडे आली. चहा प्यायली. उठताना म्हणाली, "बाई, तुमच्या प्रार्थनेत माझ्या मुलाचीही आठवण ठेवा."

बाईंनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

तो गेल्यापासून आईनं ते नाव उच्चारलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "श्रीधर."