तोळाबाईंचं म्हणणं

"तुमचं म्हणणं फाइलीत राहील आणि फाइल नीट जपली जाईल, याहून जास्त काही सांगितलं तर ते खोटं होईल."

हे वाक्य बाईंनी पहिल्यांदा कुणाला सांगितलं, ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. चोवीस वर्षं त्या एकाच कार्यालयात होत्या. तिथे आलेला माणूस निघता निघता दाराशी थबकून एकच विचारायचा, आता याचं काय होईल? मग बाई हे वाक्य सांगायच्या. शब्द तोळ्याने मोजून देतात म्हणून सहकारी त्यांना तोळाबाई म्हणत, अगदी तोंडावर. बाईंना त्याचा राग नव्हता. उलट मनातून जरा बरं वाटायचं.

कार्यालय सरकारी होतं. सरकारी वकिलांना मदत करायची आणि गुन्ह्याने ज्यांचं काही हिरावून नेलं त्यांना सांभाळायचं, अशी दोन्ही कामं एकाच छपराखाली. कुठे वकील कमी पडला, किंवा तिथल्या वकिलाचं आरोपीशी नातं निघालं, की इथून दुसरा वकील जाई. ज्यांचं माणूस गेलं त्यांना तारखा कळवायच्या, कोर्टात त्यांच्या शेजारी बसायचं, आणि वकील आरोपीशी तडजोड करणार असेल तर आधी त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं. लिहून घेण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. लिहिलेलं वकिलाने मानलंच पाहिजे, असं मात्र त्यात कुठेच नव्हतं. इतर ठिकाणी लोकांना हे निकालानंतर कळायचं. बाई आधी सांगायच्या. त्यांचा अभिमान म्हणायचा तर एवढाच.

भेटीची खोली त्यांनीच लावलेली. खुर्च्या समोरासमोर नकोत, चौकशी वाटते. म्हणून टेबलाच्या कोपऱ्याला दोन. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे. कागदी रुमालांचा डबा हाताशी, पण पुढे सरकवायचा नाही. सरकवला की माणसाला वाटतं, आता रडायला हवं. सहा वर्षांपूर्वी इथे कामाला लागलेल्या मुलीला, जिला सगळे धाकटी म्हणत, बाईंनी हे एकेक करून शिकवलं होतं. "तुमचं दुःख समजतं असं म्हणू नकोस," असंही. "ते समजत नसतं."

आज बाई येणाऱ्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. घड्याळ पाठीमागे. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच या खोलीत त्यांना किती वाजले ते कळेना.

त्यांचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला त्यांनीच वाढवलं, कारण आई लाँड्रीत कामाला आणि वडील कुठे ते कुणी विचारत नसे. मोठा झाल्यावर तो चिडवायचा, "अक्का, तू म्हणजे पोस्टमन. टपाल वाटायचं, बदलायचं नाही."

"आणि तू रे? जन्मभर वर-खाली, वर-खाली. पोचलास कुठे?"

"वरच जाणार शेवटी."

सात महिन्यांपूर्वी तो एका इमारतीत, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. ठेकेदाराला घाई होती. त्याने बटण दाबायला लावलं आणि लिफ्ट खाली आली. "चालू कर, तो निघाला असेल," हे त्याचे शब्द सोबतच्या मिस्त्रीने ऐकले, पोलिसांना सांगितले, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या जबाबात म्हणाला, मी काहीच ऐकलं नाही.

तिथला सरकारी वकील ठेकेदाराचा साडू निघाला, म्हणून खटला इथल्या वकिलाकडे आला. फाइल बाईंच्या हाती द्यायची नाही, असा नियम. ती धाकटीकडे गेली.

सकाळी भावजय गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "वन्सं, तुम्हीच जा," ती म्हणाली होती. "तुम्हाला त्यातलं कळतं." मग जरा थांबून, "सोडू नका त्याला."

वकील आत आला, बसला नाही. अकरा वर्षं दोघांनी एकाच किटलीतला चहा प्यायला होता.

"बाई, मी तुमच्याशी फिरवून बोलणार नाही."

"फिरवा की थोडं," बाई म्हणाल्या.

तो हसला, मग हसणं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. मिस्त्री फिरल्यावर मृत्यूचा आरोप टिकणार नाही, तो म्हणाला. ठेकेदार सुरक्षेचे नियम मोडल्याचं कबूल करायला तयार आहे. परवाना जाईल, काही महिने आत बसेल. कागदावर मृत्यू त्याच्यामुळे झाला असं राहणार नाही. तीन वाजता न्यायाधीशांना सांगायचं आहे. त्याआधी घरच्यांचं म्हणणं हवं.

"मी नको म्हटलं तर?"

"ते मी वाचेन."

"वाचाल, हो."

तो शेजारच्या खोलीत गेला. धाकटीने कागद आणि पेन टेबलावर ठेवलं, कागद सरळ केला, हात मांडीवर घेतले. बाईंनी शिकवलं होतं तसंच. डबा तिने सरकवला नाही.

बाईंनी लिहिलं, माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होता. त्याला उंचीची भीती वाटायची, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग पेन चालेना. धाकटीने कागद वाचला. तिची मान लाल झाली होती.

"बाई, निर्णयाबद्दल एक ओळ हवी. नाहीतर..."

"नाहीतर नुसती आठवण ठरते आणि बाजूला पडते. ठाऊक आहे. मीच सांगितलंय तुला."

त्यांनी खाली लिहिलं, तडजोड मान्य नाही. सही केली. सही नेहमीचीच होती, रोज शंभर कागदांवर व्हायची तशी, आणि त्याचंच त्यांना कसंतरी वाटलं.

त्यांना एक म्हातारा शिंपी आठवला. गेलेल्या मुलीच्या खटल्यासाठी आला होता, याच खुर्चीत. वाक्य ऐकून तो म्हणाला होता, "खोटं का होईना, बोला हो काहीतरी. घरी जाऊन बायकोला काय सांगू?" बाईंनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं होतं, जरा सावकाश. त्याला ऐकू आलं नसेल असं समजून.

खोलीबाहेर कुणीतरी ड्रॉवर उघडला, बंद केला. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. धाकटीकडे न बघता, जणू कार्यालयातलीच साधी चौकशी असावी तसं त्यांनी विचारलं, "आता याचं काय होईल?"

बाई वाट बघत होत्या. वकीलसाहेब विचार करतील, एवढं म्हण. बघू या, एवढं तरी म्हण. तुला मी वाढवलं असं नाही, पण जवळजवळ तसंच. एकदा चुकीचं बोल. भावजयीला सांगायला एक वाक्य घरी नेता येईल.

धाकटीचे डोळे भरले होते. आवाज मात्र पक्का होता, चांगल्या हाताखाली तयार झालेला.

"बाई, तुमचं म्हणणं फाइलीत राहील," ती म्हणाली, "आणि फाइल नीट जपली जाईल."

ती थांबली. पुढचं अर्धं वाक्य दोघींनाही पाठ होतं.

शेजारच्या खोलीत वकिलाने खुर्ची मागे सारली. बाईंनी चष्मा घातला, पेनाला टोपण लावलं, कागद टेबलाच्या कडेला समांतर केला. मग पर्स खांद्याला अडकवून त्या उठल्या, खुर्ची होती तशी कोपऱ्याला सरकवली, आणि दाराशी न थबकता बाहेर पडल्या.