नव्या ड्रायव्हरचा लोड

खदानीतली माझी पहिली नोकरी सकाळी सातला लागली आणि साडेनऊला गेली. हे मी लाजून सांगत नाही. लोक विचारतात, "टिकली नाहीस ना?" तेव्हा आधी हसू येतं, मग राग येतो. विचारणाऱ्याने निदान काय झालं ते तरी ऐकून घ्यावं.

त्याआधी सहा वर्षं मी भाईंदर पश्चिमेला, स्टेशनबाहेर, भाड्याची रिक्षा चालवली. मागे बसलेल्यांची घाई, त्यांचे फोन, आणि "मॅडम, जरा सांभाळून" हा फुकटचा सल्ला. वीट आला. अवजड गाडीचं लायसन्स काढलं आणि आईच्या मामेभावाकडे शिकायला गेले. तो डंपर चालवून म्हातारा झालेला माणूस. पहिले आठ दिवस त्याने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "गारी चालवाला कोनालाबी येतं," म्हणायचा. "पयले भरून घ्याला शीक."

भरून घेणं म्हणजे काय, तेही त्यानेच सांगितलं. हौद्यात आधी बारीक माल अंथरून घ्यायचा, मग मोठे दगड. वजन पुढच्या अंगाला आणि मधोमध. मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल ओतताना उघडतो त्या दारावर, काहीही टेकू द्यायचं नाही. भरताना आपण खाली उतरून पोकलेनवाल्याला दिसेल असं, पण लांब उभं राहायचं. आम्ही गोडदेवचे कोळी. होडीत जाळं कुठे ठेवायचं हे आमच्याकडे पोरीबाळींनाही कळतं. मला ते लगेच पटलं.

खदान काशिमिऱ्याच्या पुढे, कापलेल्या डोंगराच्या पोटात. खाली खड्ड्यात पोकलेन दगड भरतो, डंपर चढ चढून ते वर क्रशरवर ओततात आणि क्रशर त्याची खडी करतो. नवघरला परवापरवा उभे राहिलेले टॉवर असल्याच खडीचे. त्या सकाळी मी रिक्षाची चावी मालकाच्या हातात ठेवून आले होते, आणि खदानीत तसं सांगितलंही होतं. परतीची वाट मीच बंद केली होती, म्हणजे ही नोकरी मला टिकवायलाच हवी होती.

आणि तिथे एक पद्धत होती. नवा ड्रायव्हर आला की त्याचा पहिला लोड मुद्दाम वाईट भरायचा. तो न बोलता वर घेऊन गेला तर आपला, घाबरला तर चालता झाला. सगळेच त्यातून गेलेले, त्यामुळे सगळ्यांना ती पद्धत भारी प्रिय. मला हे माहीत नव्हतं. मी रिव्हर्स घेतला तोही जरा चुकला, गाडी दोनेक हात अलीकडेच थांबली. तेवढी चूक माझी, कबूल. पण पुढचं सगळं त्यांचं.

मी खाली उतरून उभी राहिले. पोकलेनवाल्याने पहिल्याच बकेटात भलेमोठे दगड रिकाम्या हौद्यात आदळले. डंपर जाग्यावर उडाला. रांगेतले ड्रायव्हर हसले. मग त्याने पोकलेनचा हात न लांबवता सगळा माल मागेच ढीग केला आणि शेवटी एक मोठा दगड अलगद फाळक्याच्या काठावर नेऊन ठेवला. इतका अलगद, की त्याला सगळं नीट येतं हे मला तिथेच कळलं.

"हा लोड मी नेणार नाही," मी म्हटलं.

"ऐ मॅडम, नये ड्रायव्हर को पैला लोड ऐसाच मिलता है," तो वरून म्हणाला.

सुपरवायझर आला. मराठी माणूस, गळ्यात शिट्टी. "पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि निघायचं. सगळ्यांनी नेलाय."

"चढावर पुढची चाकं हलकी होतील, गाडी वळणार नाही. आणि तो दगड मागच्या गाडीच्या काचेवर जाईल."

"आजवर गेलाय का?"

"एकदा गेला तरी पुरे."

"मग घरी जा. तुमच्यासारख्यांना रिक्षाच बरी."

मागून हॉर्न सुरू झाले. चाकांखालची जमीन सपाट आहे, गाडी कलंडणार नाही, हे मी बघितलं आणि केबिनमध्ये चढले. सगळ्यांना वाटलं, आली बाई ताळ्यावर. पण "तुमच्यासारख्यांना" हा शब्द डोक्यात गेला होता. मी फाळका सोडला, हौदा उचलला आणि अख्खा लोड होता तिथेच, पोकलेनच्या पुढ्यात ओतला. तो काठावरचा दगड गडगडत गेला आणि पोकलेनच्या लोखंडी पट्ट्यांशी जाऊन थांबला.

हॉर्न बंद झाले. मी हौदा खाली घेतला, गाडी पुढे काढली, पुन्हा रिव्हर्स घेतला, या वेळी बरोबर. खाली उतरले. "आता भरा. आधी बारीक."

शिट्टी वाजली, शिव्या झाल्या. मी हलले नाही. माझी गाडी हलल्याशिवाय रांगही हलत नव्हती आणि प्रत्येकाची खेप अडली होती. शेवटी मागचेच ओरडले, "भर दे ना यार!" पोकलेनवाल्याने भरलं. सुरेख भरलं, बारीक अंथरून, मधोमध. मी तो लोड चढावरून नेला आणि गाडी कुठेही कुरकुरली नाही. क्रशरवर ओतून मागे वळले तर सुपरवायझर हात पुढे करून उभा. "चावी. मला ऐकणारा ड्रायव्हर पाहिजे."

मी चावी दिली. रस्त्यावर येईपर्यंत रडले नाही. मग रडले, रागाने.

आई बाजारातून टोपली घेऊन आली. तिने सगळं ऐकलं. "तुजी चूक व्हती?"

"न्हाय."

"मंग जेव."

चार दिवसांनी घोडबंदरच्या बाजूला दुसऱ्या खदानीत गेले. तिथला मुकादम साठीचा, एक डोळा बारीक करून बघणारा. डंपरचा अनुभव किती, त्याने विचारलं.

"एक खेप."

"आणि मग?"

"काढलं. त्यांनी भरलेला लोड मी खालीच ओतला."

मला वाटलं, इथेही झालं. मी पर्स खांद्याला लावली.

"हौदा उचलायच्या आधी जमीन सपाट हाय का बघितलेलं?"

"खाली उभी होते तेव्हाच बघितलं होतं."

"उद्या सातला ये," तो म्हणाला. "आणि इथे कोणी वाकडं भरलं, तर ओत."