कलिन्याचं गाइड आणि संगीता

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या बौद्ध घरात भूतखेत, अंगात येणं, उतारे… हे सगळं आजोबांनीच बंद केलेलं. तरी लिहितेय, कारण आता पोटात ठेववत नाही.

कलिन्याला विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मुलींसाठी मी नेटवर एक गाइड लिहिलंय. वाकोल्यात खोली कुठे मिळेल, कोलिव्हरीच्या वस्तीत पाणी किती वाजता जातं, कुर्ल्याच्या बाजूला कुठली मेस खाण्यालायक आहे, आणि कुठली मालकीण खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारते. मुली लिहितात, ताई, किती चांगलं काम करता! चांगलं काम कसलं डोंबलाचं. ऐका.

परभणीहून मी आणि संगीता एम.ए.ला बरोबरच आलो. हॉस्टेल दोघींनाही मिळालं नाही. आडनाव ऐकून सहा घरांतून नकार आला. सातव्या ठिकाणी, वाकोल्यात, मी एकटीच गेले आणि 'पाटील' सांगून मोकळी झाले. खोली मिळाली. संगीता कुणाच्या तरी हॉस्टेलच्या खोलीत चोरून राहत होती. महिन्याभरात तिला तिथून काढलं. बॅग घेऊन ती थेट माझ्या दारात आली आणि हसून म्हणाली, "जय भीम!"

मालकीणकाकू माझ्या मागेच उभ्या होत्या. "कोण गं ही?"

"ओळखत नाही," मी म्हणाले.

संगीताने माझ्याकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाली, "सॉरी मावशी, पत्ता चुकला." बॅग उचलून जिना उतरली. शिक्षण सोडून गावी गेली, आणि तीन वर्षांत काविळीने वारली. मी मातीलाही गेले नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं… नवऱ्यालासुद्धा नाही.

गेल्या जुलैत, रविवारी दुपारी बेल वाजली. दारात विशीतली एक मुलगी, हातात बॅग.

"जय भीम, ताई. नांदेडहून आलेय, ॲडमिशन झालंय. दोन दिवस राहू द्याल का?"

गाइडमध्ये माझं नाव नाही, पत्ता नाही. "माझं घर कुणी दाखवलं तुला?"

"विद्यापीठाच्या गेटपाशी एक ताई भेटल्या. खालपर्यंत आल्या ना माझ्याबरोबर. वर चला म्हटलं तर नको म्हणाल्या. 'मागे एकदा तिच्या दारात गेले होते, तेव्हा पत्ता चुकला होता,' म्हणाल्या."

"दिसायला कशी होती?"

"साधीच. तुमच्यापेक्षा खूप लहान."

मी तशीच अनवाणी चार मजले उतरले. खाली कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, "पोरगी एकटीच आली, मॅडम. डायरेक्ट तुमचा फ्लॅट नंबर बोलली."

मुलगी अजून आमच्याकडेच राहते. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने आधी जुन्या मैत्रिणी, शेजारीपाजारी, सगळ्या शक्यता काढून पाहिल्या. पण संगीता 'पत्ता चुकला' म्हणाली, तेव्हा तिथे आम्ही तिघीच होतो, आणि काकूही कधीच वारल्या. गेटपाशी भेटलेली ती कोण होती, याचा उलगडा मला आजही होत नाही.

शेवटी नवरा म्हणाला, "तिने तुला माफ केलं गं, म्हणूनच पाठवलं या पोरीला."

बोलायला सोपं आहे. माफ केलं असतं, तर वर आली असती ना?