गच्चीवरची काच

उद्या अकरा वाजता लेक साहेबांसमोर बसेल आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही, ही धास्ती आईच्या मनातून सकाळपासून हलत नव्हती. घरात भांडायला ही पोरगी सगळ्यांच्या पुढे. बाहेर मात्र मिठाची गुळणी. शाळेत असताना दुसऱ्याच मुलीनं फोडलेल्या खिडकीपायी आठ दिवस वर्गाबाहेर उभी राहिली, पण नाव सांगितलं नाही.

लेक हवामान केंद्रात नोकरीला होती. केंद्राच्या गच्चीवर एक यंत्र होतं, पालथ्या वाटीएवढ्या काचेखाली बसवलेलं. उन्हातले जे अतिनील किरण कातडी भाजतात, डोळे बिघडवतात, ते जमिनीपर्यंत किती पोचले हे ते आपोआप नोंदवायचं. रोज सकाळी सातला लोखंडी शिडी चढून ती काच सुती फडक्यानं पुसायची आणि वहीत सही करायची. दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह डोक्यावरून जायचा. तो वरूनच ढगबिग बघून, खाली किती किरण पोचले असतील याचा अंदाज पाठवायचा. लेक दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायची. तीन वर्षं मांडत होती. उपग्रहाचा आकडा बहुतेक वेळा जास्त निघायचा, शेकडा वीस-एकवीसनं. तिचं म्हणणं, शहरावर बसलेला धूर किरण गिळतो आणि वरून बघणाऱ्याला तो नीट दिसत नाही.

साहेबांचं म्हणणं, यंत्रच भिकार. त्यांनी उपग्रहाच्या आकड्यांवर अख्खा अहवाल बेतला होता.

"उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस," आई म्हणायची. "त्यात ह्याचा उंट आभाळात."

मागच्या आठवड्यात साहेबांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. फाटकावरच्या नोंदीप्रमाणे मध्यंतरी सलग अकरा दिवस लेक केंद्रात आलीच नव्हती, आणि काच पुसल्याच्या वहीत अकराही दिवस तिचीच सही. "अकरा सह्या खोट्या, तर बाकीच्या हजार कशावरून खऱ्या?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. उद्याच्या बैठकीत तीन वर्षांचे आकडे रद्द व्हायचे होते, यंत्र खाली उतरायचं होतं, आणि लेकीच्या नोकरीचंही काही खरं नव्हतं.

ते अकरा दिवस ती इस्पितळात आईच्या उशाशी होती. रोज सातला तिथूनच केंद्राच्या वॉचमनला फोन लावायची, "काका, काच पुसली का?" तिकडून उत्तर यायचं, "पुसली, मॅडम." वॉचमनला गच्चीवर जायची परवानगी नव्हती. म्हणून परत गेल्यावर तिनं त्या दिवसांपुढे स्वतःची सही ठोकली.

काल त्यावरूनच दोघींची जुंपली.

"सांगून टाक ना, वॉचमननं पुसली म्हणून!"

"त्याची नोकरी जाईल."

"आणि तुझी गेली म्हणजे? तो तुझा कोण लागतो?"

"तू नळ्या लावून पडली होतीस तेव्हा माझं काम त्यानं केलं, आई."

"हो, मीच हौसेनं पोट फाडून घेतलं, तुझी वही बिघडवायला!"

"तुला आकड्यांतलं कळत नाही, त्यात पडू नकोस."

"बीएस्सी झालेय मी, गणित घेऊन. तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस!"

"मग जा, साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून बस. आणि बैठक होईपर्यंत मला फोन करू नकोस."

लेक तरातरा स्वतःच्या घरी निघून गेली. तीन वर्षांच्या आकड्यांचे कागद टेबलावरच राहिले.

आज दुपारी आईनं ते पुढ्यात ओढले ते रागानंच. कळत नाही म्हणते! तिनं नेमके ते अकरा दिवस काढले. पहिल्या दिवशी उपग्रह आणि गच्ची यांत एकवीसचा फरक. मग तेवीस, चोवीस, सव्वीस. असं चढत चढत अकराव्या दिवशी एकोणचाळीस. बाराव्या दिवशी पुन्हा एकवीस. लेकीनं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'धूर वाढला'.

धूर? त्या दिवसांत आईला खिडकीबाहेर बघण्यापलीकडे दुसरं काम नव्हतं. पाचव्या मजल्यावरून लांबचे डोंगर लख्ख दिसत होते, आणि वारा एवढा की नर्स सारखी तावदानं लावत फिरायची. धूर नव्हताच. वाढली होती ती काचेवरची धूळ. बाराव्या दिवशी लेक कामावर गेली, तिनं काच पुसली, आणि फरक झटक्यात उतरला. धूर असा फडक्यानं पुसला जात नाही.

म्हणजे वॉचमन शिडी चढलाच नव्हता! रोज सकाळी फाटकावर बसूनच, "पुसली, मॅडम".

"मेल्या!" रिकाम्या घरात आई मोठ्यानं म्हणाली.

मग तिनं तीन वर्षांची पानं उलटली, एकेक ओळीवर बोट ठेवून. फरक कमी-जास्त व्हायचा. वारा सुटला की उतरायचा. पण असा दिवसागणिक चढून एका सकाळीत कोसळलेला दुसरीकडे कुठेच नव्हता. काच पुसली नाही तर काय होतं, ते या अकरा दिवसांनी दाखवलं होतं. बाकी दिवस ती पुसली गेली होती, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि तो द्यायला साहेबांचा लाडका उपग्रहच साक्षीला उभा होता.

वॉचमनचं नाव घ्यायचीसुद्धा गरज नव्हती, जरी त्या माणसाची तेवढी लायकी नसली तरी. "मी नव्हते, काच पुसली गेली नाही, सह्या चुकीच्या आहेत, ते अकरा दिवस बाद करा आणि बाकीचे बघा," एवढं लेकीनं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं. शिक्षा होईल ती होईल, आकडे तरी वाचतील. पण आपण फसलो, आणि त्याहून वाईट म्हणजे धुळीला धूर समजलो, हे तिला आईकडून ऐकावं लागणार. जिव्हारी लागेल. "तुला कोणी नाक खुपसायला सांगितलं?" म्हणून फोन आपटेल.

आपटू दे. दुसऱ्यांदा लावू, तिसऱ्यांदा लावू. आईनं अकरा दिवसांचं पान वर ठेवलं, चष्मा नीट केला आणि फोन हातात घेतला.