एका हातात काकण

काकणवाल्या चाचीच्या हातात हात दिला, की तो बांगड्या घातल्याशिवाय परत येत नसे. रहिमतपूरच्या बाजारात भिंतीला टेकून ती बसायची, पुढ्यात काचेच्या बांगड्यांच्या माळा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनगटावर डोळा. "नुसतं माप बघती गं, घे म्हणत न्हाई," असं म्हणून ती हात धरायची आणि माप बघता बघता बाईचा हात कोपरापर्यंत हिरवा व्हायचा. मी पहिल्याच दिवशी तिला पत्ता विचारायला गेले आणि बांगड्या भरून आले. पत्ता विचारायचा राहूनच गेला.

तिची एक युक्ती होती. बोटं गोळा करायची, अंगठा तळहातात मुडपायचा, गप्पा मारत मारत हात लोण्यासारखा मऊ करायचा, आणि बांगडी नेमकी हाडावर अडली की असा प्रश्न टाकायचा, ज्याचं उत्तर दिल्याशिवाय बाईला राहवणारच नाही. "तुझ्या नणंदेनं म्हणं पाटल्या केल्या?" बाई श्वास ओढून नणंदेची कुंडली मांडायला लागायची, तोवर बांगडी मनगटात. बाईला पत्ताच नाही. जगाचे हात असे भरायची, पण चाचा गेल्यापासून तिच्या स्वतःच्या हातात मात्र काही नव्हतं.

मी सांगलीची. तोंडाने फटकळ, त्यामुळे लोकांना समजावण्याच्या कामाला अगदीच नालायक, आणि एका संस्थेने मला नेमकं त्याच कामाला लावलं. मोठ्या मुलींना आणि मोठ्या माणसांना लसी द्यायच्या. आता आपल्याकडे लस म्हणजे अंगावरच्या पोराची, असं पक्कं ठरलेलं. सहावी-सातवीतल्या मुलीला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस द्या म्हटलं, की आया माझ्याकडे अशा बघायच्या जशी मी त्यांच्या मुलीला पळवूनच न्यायला आलेय. रहिमतपूरजवळच्या गावात पहिलं शिबिर घेतलं. चित्रं लावली, भाषण ठोकलं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली आल्या, आणि त्यातली एक सुई बघून खिडकीतून पळाली. मी डोकं धरून चाचीशेजारी येऊन बसले.

चाची पोट धरून हसली. मला राग आला, पण तिने माझा हात धरला होता, त्यामुळे उठताही येईना. मग ती म्हणाली, "सांगलीवाले, मी काकण दावती, दुखणं दावत न्हाई. तू दुखणंच आधी दावतीस. कोण येईल?"

पुढच्या शिबिराला ती आपणहून आली. मुलगी खुर्चीत बसली की चाची तिचा एक हात आपल्या हातात घ्यायची, अंगठा मुडपायची आणि विचारायची, "वर्गात सगळ्यात आगाऊ कोण गं?" मुलगी नाव सांगायला तोंड उघडायची, तोवर सिस्टर दुसऱ्या दंडावर काम उरकून मोकळ्या. "झालं? कधी झालं?" हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकलं की मला ते झोपेतही ऐकू यायचं. त्या वेळी चाचीचे डोळे घट्ट मिटलेले असायचे आणि ओठ पुटपुटत असायचे. पोरींसाठी दुआ मागते बिचारी, असं मला वाटायचं. मला भरून यायचं.

पण तिची खरी अक्कल पुढेच. लस घेतलेल्या प्रत्येक मुलीला ती एक बांगडी घालायची. एकच. मोरपंखी, आत सोनेरी ठिपके, तसला माल अख्ख्या बाजारात नव्हता आणि ती तो कुणाला विकतही नव्हती. दुसरा हात भुंडाच ठेवायची. आया कासावीस व्हायच्या. पोरीचा एक हात भरलेला आणि एक भुंडा, हे कुठल्या आईला बघवेल? लागल्या चाचीच्या मागे. चाची म्हणायची, "दुसरं काकण दुसऱ्या सुईला." दुसरा डोस सहा महिन्यांनी. त्यासाठी आम्हाला लोकांच्या दारात चपला झिजवाव्या लागतील असं सगळे म्हणत होते. इथे आयाच मला रस्त्यात अडवून तारीख विचारायला लागल्या. शाळेत बांगड्यांना बंदी, म्हणून मुली ती कंपासपेटीत घेऊन जायच्या. मोठ्या बाई माझ्यावर भडकल्या आणि शेवटी पुतणीला घेऊन स्वतःच शिबिरात आल्या.

अडलो ते सुभेदारांच्या आळीत. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, पण आळीत हुकूम चालायचा तो सुभेदारीणकाकूंचा. त्यांच्या तीन नाती लसीच्या वयाच्या. काकूंनी नाही म्हटलं की आळीतल्या सगळ्या मुली गेल्या. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की या सुईने पुढे पोरीला मूल होत नाही. ते साफ खोटं आहे, हे मी नाना परींनी सांगून थकले. मग चाची पुढे झाली. "सुभेदारीण, ह्यांच्या लग्नाचा चुडा मी भरणार, डोहाळजेवणाची काकणं मीच भरणार. पोरं झाली न्हाईत तर बुडणार कोण? मीच न्हवं? माझ्या हातानं माझाच धंदा बुडवीन व्हय मी?"

काकूंना ते पटलं. आळीला हसू फुटलं. पण काकूही काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "समदं खरं. पर जगाचे हात धरतीस, तू सवता घेतलीस का कवा सुई?"

चाचीचा चेहरा पडला. मी शहाणी मध्ये बोलले, की ही लस चाचीच्या वयाला नाही. काकू म्हणाल्या, मग तिच्या वयाची असेल ती दे. आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, मोठ्या उत्साहाने सांगून टाकलं की धनुर्वाताची आहे ना, आणि चाचीची बोटं तर रोज काचेने कापतात. चाचीने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. ठरलं. आळीच्या शिबिरात आधी चाची, मग नाती. चाची नाही, तर कुणीच नाही.

शिबिराच्या सकाळी चाची गायब. जागेवर नाही, घरी नाही. सून म्हणाली, अम्मी कोरेगावला गेल्या, अचानकच निघाल्या. मी स्कूटी काढली. ती सापडली कोरेगावच्या एस.टी. स्टँडवर, एका अनोळखी बाईच्या हातात बांगड्या भरत. मला बघून तिने पदर तोंडावर घेतला, जशी काही मी तिला ओळखणारच नव्हते. मी चिडून विचारलं, इतक्या पोरींना सुया टोचताना तू शेजारी होतीस, आणि आता काय झालं? तेव्हा खरं बाहेर पडलं. तिने आजवर सुईकडे एकदाही बघितलं नव्हतं. ते मिटलेले डोळे दुआचे नव्हते, भीतीचे होते. मी इतकी हसले की स्टँडवरची माणसं बघायला लागली.

मग मी विचारलं, एवढी भीती वाटते तर येत कशाला होतीस? चाची बांगड्यांच्या माळा आवरत म्हणाली, "माझी धाकटी जाऊ, हमीदा. पोटात दुखायचं तिच्या, लाजंपायी बोलली न्हाई कुणाला. ईदीला काकणं भराया बसली तर दाबायला लागलंच न्हाई गं. काकण सरळ कोपरापत्तर गेलं. तवा कळलं मला. ह्याच कॅन्सरनं गेली ती. काकण दाबल्याबिगार जातंय, हे पुन्यांदा बघायचं न्हाई मला."

माझं हसू कुठच्या कुठे गेलं. मी तिच्याजवळ बसून राहिले. एस.टी. लागली, सुटली. चाचीच उठली. म्हणाली, चल, पण गाडी हळू चालव, माल काचेचा आहे. कोरेगाव ते गाव, दर गतिरोधकाला मागे बांगड्यांची टोपली किणकिणत होती आणि चाची अल्लाचं नाव घेत होती. माझ्या गाडी चालवण्यामुळे की सुईमुळे, ते मी विचारलं नाही.

आळीतल्या देवळाच्या मंडपात सगळ्या बायका जमलेल्या. चाची खुर्चीत बसली, डोळे आधीच मिटून. सिस्टरांनी अजून कापूससुद्धा काढला नव्हता आणि चाची कण्हायला लागली. पोरी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. तेव्हा सुभेदारीणकाकू उठल्या. उभा जन्म त्यांनी चाचीकडूनच बांगड्या भरल्या होत्या. त्यांनी चाचीचा हात घेतला, बोटं गोळा केली, अंगठा मुडपला, आणि विचारलं, "चाची, माझ्या लग्नात चुडा भरताना किती काकणं फुटली गं तुझ्या हातनं?"

काकूंचं लग्न इथे सासरीच लागलं होतं, तो चुडा चाचीनेच भरलेला. चाचीने खाडकन डोळे उघडले. "फुटली? माझ्या हातनं? एक बी वाढलं न्हवतं. आन् सवाशीण बाई तू, फुटली काय म्हणतीस, वाढली म्हणावं."

"झालं," सिस्टर म्हणाल्या.

"कवा?" चाची म्हणाली. मंडप हसून हसून आडवा झाला.

हसू संपलं तेव्हा काकूंच्या हातात मोरपंखी बांगडी होती, चाचीच्याच माळेतली. चाचीने हात मागे घेतला. मला चालत नाही, एवढंच पुटपुटली. काकू म्हणाल्या, "सुई घेतली की काकण. नेम तुझाच हाय." आणि तिच्या त्या रिकाम्या हातात बांगडी सरकवली. दाबावं लागलं, चांगलं दाबावं लागलं. चाची बांगडीकडे बघत राहिली, मग पदराने डोळे पुसले, एकदा भरल्या हाताकडे आणि एकदा भुंड्या हाताकडे बघितलं, आणि सिस्टरांना विचारलं, "दुसरी सुई कवा हाय?"

काकूंच्या तिन्ही नाती त्या दिवशी खुर्चीत बसल्या. त्यांच्यामागे अख्खी आळी.

महिन्याने चाचीचा दुसरा डोस झाला. शिबिराच्या खोलीचं कुलूप उघडायच्या आधीच ती दारात बसलेली होती. तेच माझं तिथलं शेवटचं शिबिर. निघताना तिच्या जागेवर गेले, माझा हात तिने धरला, अंगठा मुडपला आणि विचारलं, "सांगलीत काकणवाली हाय का गं माझ्यासारखी?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि रडू आलं. डोळे पुसून बघते तर एका हातात मोरपंखी बांगडी. मी दुसरा हात पुढे केला. तिने तो हलकेच बाजूला सारला आणि पुढच्या बाईचा हात धरला.

तेव्हापासून वर्षातून दोनतीनदा जाते. ती भुंडा हात भरते आणि गप्पांच्या नादात भरलेल्या हातातली बांगडी कधी काढून घेते, मला अजून कळलेलं नाही. मी दर वेळी एक हात भुंडा घेऊनच सांगलीला परतते. सासूबाई कुरकुरतात, चांगल्या घरच्या सुनेला हे शोभत नाही म्हणतात. मी त्यांना सांगते, आई, माझा दुसरा डोस बाकी आहे.